हां म्हणणारी बाई

फॉरेन्सिक सायकॉलॉजी हा विषय मी निवडला, असं म्हणता येणार नाही. एम.ए.च्या प्रवेशाला क्लिनिकलच्या यादीत माझं नाव लागलं नाही आणि या विषयाच्या काही जागा रिकाम्या होत्या. खिडकीमागचा क्लार्क म्हणाला, "घ्यायचा असेल तर आत्ता सांगा, मागे लाइन आहे." मी घेतला.

आम्ही तेव्हा शहापूर तालुक्यातल्या भातसानगरला, धरणाच्या कॉलनीत राहत होतो. बाबा धरणाच्या दरवाज्यांवर ड्युटी करायचे. त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे पोलिसात जायचं का?"

"नाही बाबा. पोलिसांनी पकडलेल्या माणसांच्या मनाचा अभ्यास करायचा. साक्षीदारांच्या मनाचा. कोर्टाला त्याचा उपयोग होतो."

बाबांनी चहाची बशी खाली ठेवली. "त्यांच्या मनाचं कोन इचारतं?" असं म्हणून ते ड्युटीला निघून गेले. आई म्हणाली, वसतिगृहात जेवण मिळत असेल तर कर काय करायचं ते.

पहिलं वर्ष मी आनंदात होते, हे खरं आहे. शिकवायला एक मॅडम होत्या. पन्नाशीच्या पुढच्या, बारीक अंगाच्या, खांद्याला कापडी पिशवी. त्या फळ्यावर फारसं लिहायच्या नाहीत. खुर्ची पुढे ओढून बसायच्या आणि बोलायच्या. डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट आठवताना माणूस ती नव्याने कशी रचतो, प्रश्न विचारणाऱ्याच्या शब्दांनी आठवण कशी बदलते, हे सगळं मी तोंड उघडं ठेवून ऐकायचे. एकदा त्यांनी कबुलीवर तास घेतला. न केलेला गुन्हा माणसं कबूल का करतात? कोणी सुटका व्हावी म्हणून करतो, कोणी दुसऱ्याला वाचवायला, आणि कोणाला वारंवार विचारल्यावर खरंच वाटायला लागतं की आपणच केलं असेल. समोरचा जे सुचवेल ते मान्य करत जाण्याकडे काही माणसांचा कल जास्त असतो, आणि तो कल मोजता येतो, असं त्या म्हणाल्या.

मी हात वर केला. "मॅडम, आमच्याकडे साहेबाला नाही म्हणायची पद्धतच नाही. फॉरेस्टवाला वाडीवर आला आणि म्हणाला, लाकूड तू तोडलंस ना, तर माणूस आधी हो म्हणतो. मग बघतो कुठलं लाकूड ते."

वर्गात हसू झालं. मॅडम हसल्या नाहीत. तासानंतर त्यांनी मला थांबवून घेतलं आणि म्हणाल्या, "हे जे बोललीस ते लिहून आण." मी लिहून नेलं. पुढे तोच माझ्या प्रबंधाचा विषय झाला. शहापूरच्या मुलीला काहीतरी असं माहीत आहे जे मुंबईच्या मुलींना माहीत नाही, असं मला पहिल्यांदाच वाटलं होतं.

दुसऱ्या वर्षी प्रात्यक्षिक होतं. आठवड्यातून एक दिवस मॅडम आम्हा तिघी-चौघींना एका तुरुंगाच्या महिला विभागात न्यायच्या. टीव्हीवर दाखवतात तसं तिथे काही नव्हतं. फिनेलचा आणि शिजणाऱ्या डाळीचा वास. भिंतीला टेकून बसलेल्या बायका, त्यांच्या मांडीवर लहान पोरं. ज्यांचा खटला चालू आहे त्या कच्च्या, ज्यांना शिक्षा लागली त्या पक्क्या. कच्च्या बायका सगळ्यांना एकच विचारायच्या, माझी तारीख कधी आहे? आम्हाला ते माहीत नसायचं. आम्ही त्यांना झोप लागते का, भूक लागते का, ते विचारायचो आणि लिहून घ्यायचो.

एके दिवशी सरकारकडून गरिबांसाठी नेमलेला एक तरुण वकील मॅडमना भेटायला आला. अंगावरचा कोट त्याला मोठा होत होता. तो म्हणाला, "माझी एक अशील आहे, मुरबाडकडची. खुनाची केस आहे. मॅजिस्ट्रेटसमोर कबुली दिलीय, त्यामुळे सगळं अडलंय. माझ्याशी बोलतच नाही. काही विचारा, हां म्हणते. तुम्ही तिची तपासणी कराल का? कोर्टाची परवानगी मी आणतो."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "तुझ्याकडची आहे. बोलता येईल ना तिच्याशी?"

"येईल," मी म्हटलं.

तसं ते पुरतं खरं नव्हतं. ती सिद्धगडाच्या पायथ्याच्या ठाकर आदिवासींच्या वाडीतली होती. आमच्या घरातली बोली शहापूरच्या भातवाल्या गावांची. शब्द कळायचे, पण वाक्याचा हेल वेगळा, आणि ती भरभर बोलली की मी मागे पडायचे. तरी तुरुंगातल्या इतर कोणाहीपेक्षा मी तिला जवळची होते.

पहिल्यांदा भेटले तेव्हा ती पाय दुमडून बसली होती. पस्तिशी-चाळिशीची असेल, पण केस पिकले होते. हातावर गोंदण. तिनेच आधी विचारलं, "कुठली गो तू?"

"भातसानगरची."

"धरनावरची?"

"हां."

"माजी मावशी तिकडं दिली व्हती. तिचा गाव पान्यात गेला." हे तिने पावसापाण्याचं बोलावं तसं सांगितलं. माझे बाबा त्याच पाण्याचे दरवाजे उघडतात आणि बंद करतात, हे मी बोलले नाही. मी तिला मावशी म्हणायला लागले.

केस अशी होती. ती आणि तिची थोरली जाऊ रानात हिरडा गोळा करायला गेल्या होत्या. जाऊ कड्यावरून खाली पडून मेली. आदल्या दिवशी दोघींचं हिरड्याच्या एका झाडावरून भांडण झालं होतं आणि ते वाडीत सगळ्यांनी ऐकलं होतं. पोलीस आले. त्यांनी विचारलं, तू ढकललंस का? ती म्हणाली, हां. पोलिसांसमोरची कबुली कोर्टात चालत नाही, म्हणून तिला मॅजिस्ट्रेटपुढे उभं केलं. त्यांनी नियमाप्रमाणे तिला समजावून सांगितलं की कबुली द्यायलाच हवी असं नाही, दिलीस तर तुझ्याविरुद्ध वापरली जाईल. कळलं का? हां. कोणी जबरदस्ती केली नाही ना? हां. मग ढकललंस का? हां. खाली अंगठा.

तिच्यासाठी आम्ही चाचणी तयार केली. पद्धत अशी असते की माणसाला एक छोटी गोष्ट सांगायची आणि मग त्यावर प्रश्न विचारायचे. त्यातले काही प्रश्न मुद्दाम फसवे असतात, गोष्टीत नसलेलंच विचारणारे. नंतर जरा कडक आवाजात सांगायचं की काही उत्तरं चुकली आहेत, पुन्हा विचार कर. आणि बघायचं, माणूस किती वाकतो. पुस्तकातली गोष्ट परदेशातली होती, म्हणून मॅडमनी मला आमच्याकडची गोष्ट रचायला सांगितली. मी रचली. एक बाई म्हसा गावच्या जत्रेला गेली. तिने दोन घोंगड्या घेतल्या. येताना जीपमध्ये दाटी होती. घरी येऊन बघते तर एकच घोंगडी.

मी ती तिला सावकाश सांगितली. ती मान हलवत ऐकत होती.

"बाईच्या नवऱ्यानं जीपवाल्याला मारलं, तेव्हा बाई रडली का?" मी विचारलं. गोष्टीत नवरा नव्हता.

"हां. रडली."

"घोंगडी लाल होती ना?"

"हां, लाल."

मग मी आवाज कडक केला. "मावशी, तुमची उत्तरं चुकली. पुन्हा नीट सांगा." तिने सगळी उत्तरं बदलली. बरोबर होती तीसुद्धा. दोन घोंगड्यांची एक झाली, मग तीन झाल्या. लाल घोंगडी काळी झाली. ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती. मला काय हवंय ते तिथे दिसतंय का, ते बघत होती.

संपल्यावर तिने हळूच विचारलं, "मंग घावली का घोंगडी?"

"नाही घावली."

"कोनी घेतली आसंल. थंडीचे दिस," ती म्हणाली.

मॅडमनी आकडे मांडले आणि चष्मा काढून पुसला. एवढा स्कोअर त्यांनी आजवर पाहिला नव्हता. आम्हाला आनंद झाला. त्या दिवशी तुरुंगासमोरच्या टपरीवर मॅडमनी आम्हाला चहाबरोबर भजी खिलवली. आमच्या हातात काहीतरी लागलं होतं. मी वसतिगृहात परतताना मनातल्या मनात प्रबंधाची पानं लिहीत होते.

पण भजी खातानाच मॅडम म्हणाल्या होत्या, "एक लक्षात ठेव. तिने केलं नाही, असा याचा अर्थ नाही. तिच्या हां वरून काहीच कळत नाही, एवढाच अर्थ आहे."

मला ते तेव्हा फारसं टोचलं नाही. टोचलं पुढच्या आठवड्यात. चाचणी नव्हती, आम्ही नुसत्या बसलो होतो. मी विचारलं, "मावशी, तुमी जावंला ढकलली का?"

"हां."

जरा वेळाने, इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर, मी पुन्हा विचारलं, "मावशी, तुमी नाय ना ढकलली?"

"हां."

दोन्ही हां अगदी सारखे होते. मला तिच्यासमोरून उठून जावंसं वाटलं.

एकदाच ती आपणहून बोलली. तिला तांदूळ निवडायचं काम होतं आणि मी शेजारी बसून निवडू लागले होते. मॅडम अधीक्षकांच्या खोलीत होत्या. मी काही विचारलं नव्हतं. तिने ताटातला खडा बाजूला काढला आणि म्हणाली, "ते झाड सासूनं मला दिल्यालं. ती म्हनायची, मला दिलं. सासू तं मेली. आता कोनाला इचारनार?"

मी तांदूळ निवडत राहिले. असं आपणहून येणारं बोलणं सगळ्यात मोलाचं असतं, त्यात प्रश्न घुसवायचा नाही, हे आम्हाला शिकवलं होतं.

"आदल्या दिशी भांडलो. सकाळच्याला ती दारात आली, बोल्ली, चल. रानात एकटीला भ्या वाटतं. मंग गेलो दोघी. भाकर एकाच फडक्यात व्हती. खाल्ली. त्या झाडाची एक फांदी पार कड्यावर गेल्याली. ती चढली तिकडं. मी बोल्ली, नको गो जाऊ. ती बोल्ली, तुजं झाड ना, मंग तू ये." ती थांबली. "मंग मी गेली. मी हात केला—"

तिने हात खरंच पुढे केला. तळव्याला तांदळाचे दाणे चिकटले होते. हात पकडायला पुढे केलेला असतो तसा होता, आणि लोटायला पुढे केलेला असतो तसाही होता. मी त्या हाताकडे बघत राहिले. मी 'मग?' एवढंसुद्धा म्हटलं नाही. ती पुढचं बोलेल असं मला अगदी वाटत होतं.

"चला, चला, जेवणाची वेळ," शिपाई बाईने आवाज दिला. तिने हात मागे घेतला, ताट उचललं आणि गेली.

त्यानंतर मी दर आठवड्याला तिच्या शेजारी बसून तांदूळ निवडले. तिने ती गोष्ट पुन्हा काढली नाही.

अहवालाला तिच्या घरची माहिती हवी होती. मॅडमची तब्येत बरी नव्हती, म्हणून बाबा सुट्टी काढून मला मोटारसायकलवर घेऊन गेले. मुरबाडवरून पुढे, डांबर संपेपर्यंत, आणि मग पायी. ज्येष्ठ अजून लागायचा होता. सिद्धगडाचा डोंगर उन्हात करडा दिसत होता आणि वाडीत बरीच घरं बंद होती. काही माणसं अजून वीटभट्टीवरून परतली नव्हती.

तिचा नवरा घरी होता. अंगणात बसून बांबूच्या कामट्या सोलत होता. घर नुकतंच शाकारलेलं होतं, छपरावरचा पेंढा अजून पिवळाजर्द. मी कोण, कशाला आले, ते सांगितलं. त्याने आत बघून हाक दिली तशी एक तरुण बाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिने मान वर केली नाही. हातात हिरव्या बांगड्या होत्या, नव्या. बाबांच्या लक्षात माझ्याआधी आलं. ते पाणी प्याले आणि डोंगराकडे तोंड करून बसले.

"तुमच्या बायकोबद्दल विचारायचंय," मी म्हटलं. "ती घरी कशी होती?"

"चांगली व्हती. कामाला वाघ."

"कोणी तिला काही विचारलं, तर उलटून बोलायची का? नाही म्हणायची का कधी?"

तो थोडं हसला. "तिला कोन काय इचारनार, बाय? सांगितलं का करायची."

"तुम्हाला काय वाटतं? तिने केलं असेल?"

त्याने कामटी खाली ठेवली. "तिनं सोताच साहेबाला सांगितलं. मंग आमी काय बोलनार? माज्या भावाची बायको गेली. मी हिच्या बाजूनं बोल्लो तं भाऊ तुटतो." तो शेजारच्या बंद दाराकडे बघत होता. ते भावाचं घर होतं. "तुमी भेटता का तिला?"

"भेटते."

"मंग सांगा. पोरी आश्रमशाळेत हायत, बऱ्या हायत." कामटी पुन्हा उचलत तो म्हणाला, "आनि घर शाकारलं म्हून सांगा."

परतताना मुरबाडच्या स्टँडवर आम्ही चहा प्यायलो. बाबांनी विचारलं, "सांगनार तू तिला?"

"काय?"

"त्या दुसरीचं."

"मला जे सांगायला सांगितलंय तेवढंच सांगणार," मी म्हटलं.

बाबा उठले आणि चहाचे पैसे द्यायला गेले.

मी तिला निरोप सांगितला. पोरी बऱ्या आहेत म्हटल्यावर तिचं तोंड उजळलं. थोरली उंच झाली असंल, धाकटीचं नाक अजून वाहतं का, असं ती बरंच काही बोलली. मला त्यातलं काहीच माहीत नव्हतं.

"आणि मावशी, घर शाकारलं."

ती थांबली. मनात काहीतरी जुळवत असल्यासारखी बसली. मग म्हणाली, "खालून पेंढा कोनी दिला?"

मला कळेना. मग कळलं. नवरा वर छपरावर बसतो, खालून कोणीतरी पेंढ्या वर फेकाव्या लागतात. दरवर्षी ती फेकत असणार. नवऱ्याचा भाऊ तर आता घरात येत नव्हता, हे तिला कुठूनतरी कळलेलं होतं. भाऊ परत बोलायला लागला, त्याने दिला, असं मी म्हणू शकले असते. शेजाऱ्याने दिला म्हटलं असतं तरी चाललं असतं. खोटं बोलताना माणूस कुठे अडखळतो, यावर मी पेपर लिहिलेला होता आणि त्यात मला वर्गात सगळ्यात जास्त मार्क होते. मी नुसतं वहीचं पान उलटलं.

"हां," ती म्हणाली. हा हां माझ्यासाठी नव्हता.

त्या दिवसानंतर ती चाचण्यांना बसेनाशी झाली. बोलावलं की यायची, समोर बसायची आणि फरशीकडे बघायची. उरलेल्या चाचण्या अपुऱ्या राहिल्या, तसं आम्ही अहवालात लिहिलं. मॅडमनी प्रत्येक वाक्य तपासलं. तिला कोणताही मानसिक आजार आढळला नाही, बुद्धी सर्वसाधारण आहे, मात्र अधिकारी व्यक्तीने सुचवलेलं मान्य करण्याकडे तिचा कल असामान्य प्रमाणात जास्त आहे, त्यामुळे तिची कबुली विश्वासार्ह मानताना सावधगिरी बाळगावी. मला ते वाक्य फार सुंदर वाटलं होतं.

मी एम.ए. झाले. चांगल्या मार्कांनी झाले. नंतर आणखी दोन पावसाळे गेले तेव्हा कुठे तिच्या केसमध्ये मॅडमची साक्ष लागली. मॅडमनी मला फोन केला आणि मी गेले.

सरकारी वकील सभ्य गृहस्थ होते. आवाज चढवला नाही की टोमणा मारला नाही.

"मॅडम, ही चाचणी आरोपीच्या बोलीभाषेत प्रमाणित झालेली आहे का?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "त्या बोलीत अशी कोणतीच चाचणी नाही."

"म्हणजे ही घोंगडीची गोष्ट तुमच्या विद्यार्थिनीने रचली?"

"हो. माझ्या देखरेखीखाली."

"याच समाजातल्या इतर लोकांवर ती वापरून पाहिली का? त्यांचेही आकडे असेच येत असतील तर?"

"मोजक्या लोकांवर पाहिली. पुरेशा नाही. आकडे असेच येण्याची शक्यता आहे."

"मग हा या बाईचा स्वभाव की त्या भागाची रीत, हे तुम्हाला सांगता येणार नाही."

"नाही," मॅडम म्हणाल्या. "सांगता येणार नाही."

खोटं बोलल्या असत्या तर मला त्या आवडल्या नसत्या. तरी त्या क्षणी त्यांनी थोडं खोटं बोलावं असं मला फार वाटलं.

पुढच्या एका तारखेला न्यायाधीशांनी तिला स्वतः प्रश्न विचारले. तसा नियम आहे, आरोपीला तिच्याविरुद्धची एकेक गोष्ट सांगून तिचं म्हणणं घ्यायचं. न्यायाधीश वाईट नव्हते. त्यांनी शब्द सोपे केले.

"मॅजिस्ट्रेटसमोर तुम्ही जे सांगितलं, ते स्वतःच्या मनाने सांगितलं का?"

"हां."

"कोणाच्या दबावाखाली सांगितलं का?"

"हां."

न्यायाधीशांनी पेन थांबवलं आणि दोन्ही पुन्हा विचारलं. पुन्हा तसंच. मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं. वकील उठून म्हणाला की अहवालात हेच सांगितलं आहे. न्यायाधीशांनी मान हलवली आणि दोन्ही उत्तरं लिहून घेतली.

निकालात आमचा अहवाल होता. त्यातलं पहिलं वाक्य होतं, आरोपीला कोणताही मानसिक आजार आढळला नाही. त्यावरून कोर्टाने म्हटलं की तिला समज होती, आणि समज असलेल्या बाईने मॅजिस्ट्रेटसमोर दिलेल्या कबुलीवर अविश्वास दाखवण्याचं कारण नाही. भांडण ऐकलेला वाडीतला साक्षीदार होताच. जन्मठेप.

शिक्षा ऐकवली तेव्हा ती उभी होती. शिपाई बाईंनी तिला बाहेर व्हरांड्यात आणलं. वकिलाने मला खुणेने बोलावलं, म्हणाला, "तिला समजावून सांगाल का? मला जमणार नाही."

मी जवळ गेले. तिने मला ओळखलं. म्हणाली, "तारीख कदीची दिली?"

इतकी वर्षं कोर्टात आणायचं, बसवायचं आणि पुढची तारीख देऊन परत न्यायचं, एवढंच तिला माहीत होतं.

"आता तारीख नाय, मावशी," मी म्हटलं.

"मंग?"

"आता तिकडंच राहायचं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता रडेल. "हां," ती म्हणाली आणि शिपाई बाईबरोबर जिना उतरून गेली. मॅडम बाकावर बसून होत्या. कापडी पिशवी मांडीवर घट्ट धरून. त्या मला एवढंच म्हणाल्या, "आपण शिकवतो ते खरं आहे गं. ते चालत नाही, एवढंच."

त्यानंतर त्यांनी कोर्टाची कामं घेणं बंद केलं. आता निवृत्त झाल्या आहेत.

मी प्रयोगशाळांमध्ये, आयोगांमध्ये, संस्थांमध्ये अर्ज केले. कुठे कंत्राटी जागा निघाली की मुलाखतीला जायचं, कुठे निघालेली जागा रद्द व्हायची. एका ठिकाणी सहा महिने काम केलं आणि मग तो प्रकल्पच गुंडाळला. बाबा निवृत्त झाले, क्वार्टर सोडावं लागलं, आम्ही शहापूरला भाड्याने राहायला आलो. आता मी तिथल्याच ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर मानसशास्त्र शिकवते. अकरावीच्या पुस्तकात न्यायाच्या मानसशास्त्रावर एक परिच्छेद आहे. मी तो वाचून दाखवते आणि पान उलटते.

ती पक्की झाल्यावर तिला लांबच्या शहरातल्या तुरुंगात हलवलं होतं. नातेवाईक नसल्याने मला भेट मिळेना. शेवटी त्याच वकिलाने अपिलाच्या कामाचं पत्र दिलं, तेव्हा एकदा मिळाली. मी रात्रभराचा प्रवास टाळून पहाटेच्या एसटीने गेले आणि दुपारी पोचले. आईने तिळाचे लाडू दिले होते, ते दारावरच काढून घेतले.

जाळीपलीकडे ती आली. पक्क्या कैद्यांची साडी, केस पूर्ण पांढरे. अंग मात्र भरलं होतं. बोलण्यात तिकडच्या बायकांचं हिंदी शिरलं होतं.

"तू कायको आली गो एवढ्या लांब?"

"बघायला आले. बरं आहे का, मावशी?"

"बरं हाय. शिवनाला बसवतात. मशीनवर." तिने पाय मारून दाखवला. "पोरी?"

थोरलीने शाळा सोडली होती आणि तिचं लग्नही झालं होतं. वकिलाला ते अपिलाच्या कागदांसाठी वाडीत गेल्यावर कळलं होतं आणि त्याने मला सांगितलं होतं. मी तिला सांगितलं. थोरलीचा नवरा भट्टीवर कामाला जातो, तीही त्याच्याबरोबर गेली आहे, धाकटी अजून शाळेत आहे.

तिने ऐकलं. जाळीला बोटं अडकवली आणि सोडली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू नको येऊ आता."

"का, मावशी?"

"तू येतेस मंग मला तिकडचं आठवतं. चार दिस मशीन चालत नाय. बाई ओरडतात." आवाजात राग नव्हता. "इकडं कोन मला काय इचारत नाय. बरं हाय ते. तू नको येऊ."

मी बरं म्हटलं. वेळ अजून बाकी होती, पण ती उठली आणि आत गेली. मी थोडा वेळ तिथेच बसले. शेजारी एक म्हातारा आपल्या सुनेशी जाळीतून मोठमोठ्याने बोलत होता. मग शिपाई म्हणाला, तुमचं झालं असेल तर जागा द्या.

मी पुन्हा गेले नाही. दिवाळीच्या सुमारास वकिलाला फोन करून अपिलाचं विचारते. दाखल झालं आहे, अजून सुनावणीला लागलेलं नाही, असं तो सांगतो. गेल्या खेपेस त्याने माझा नंबर ओळखला नाही, तेव्हा मी कोण ते मला पहिल्यापासून सांगावं लागलं.